हिप्परगे सर आणि पळणारा पलंग

हिप्परगे सर कुणाच्याही घरात शिरले की यजमानांना नमस्कार करायच्या आधी फरशी बघतात. नुसती बघत नाहीत, गाल जवळजवळ फरशीला टेकवून, एक डोळा मिटून बघतात. मग उठून माझ्या कानाशी येतात. "मॅडम, लई गुळगुळीत हाय. हिच्यावर लक्ष ठेवा."

सोलापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही फर्निचरच्या दुकानांसाठी एक ॲप बनवतो. फोनचा कॅमेरा आपल्या खोलीकडे धरला की दुकानातला सोफा आपल्याच फरशीवर मांडलेला दिसतो. मावतोय का बघायचं, मग विकत घ्यायचा. पण काही घरांत सोफा जागेवर थांबत नाही. घसरतो, तरंगतो, भिंतीत शिरतो. अशा तक्रारी मी फोनवर घेते, आणि फोनवर भागलं नाही तर त्या निस्तरणाऱ्या हिप्परगे सरांच्या स्कूटरवर मागे बसून त्या घरी जाते.

"फोन म्हंजे परगावचा पाव्हणा," सर ग्राहकांना सांगतात. "खुणा बघत चालतोय. पिंपळ आला, गिरणी आली, मग डावीकडं. फरशीवर डाग न्हाय, रेघ न्हाय, मग त्यानं कशाला धरून ऱ्हायचं? चुकतोय की."

एवढं साधं आहे. पण सरांच्या हातात गेलं की त्याचा पोलीस तपास होतो. आरसा असला की तो पहिला संशयित. त्याच्यावर चादर पडते. पंख्याची सावली फिरते म्हणून पंखा बंद, मग मे महिना का असेना. ट्यूबलाइट फडफडत असेल तर तिच्याखाली उभं राहून ते तिच्याकडे असं बघतात की मालकालाच ओशाळल्यासारखं होतं. एकदा एका बाईंचं कपाट धुक्यात गेल्यासारखं दिसत होतं. सरांनी त्यांच्या फोनची काच हुंगली आणि म्हणाले, "शेंगाचटणी. घरचीच हाय ना?" तेलाचं बोट पुसलं, कपाट लख्ख.

हा संशय ऑफिसपुरता असता तर बरं. भाजीवाला हसून बोलला तर सर पिशवी पुन्हा तपासतात. लग्नासाठी मुलीचा फोटो आला तर आधी विचारतात, "हा उजेड कुठून आला?" पंचेचाळिशी गाठली, लग्न राहिलं. "माणसावर विश्वास ठेवा, पण तपासून," हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यांच्याबरोबर राहून मलाही ती सवय लागली. म्हणूनच गुंडेटी मास्तरांच्या घरी मला संशय आला. सरांचाच.

गुंडेटी मास्तर म्हणजे विणकर वस्तीतले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारे म्हणून सगळ्या भागात नाव. बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दोन दिवसांत ती घरी येणार होती. वर चढणं आता बंद, म्हणून खालच्या खोलीत पलंग टाकायचा होता. पलंग ठेवून वॉकर फिरायला जागा उरते का, एवढंच मास्तरांना बघायचं होतं. पण त्यांचा पलंग पळत होता.

"बघा," म्हणून त्यांनी फोन धरला, आणि माझ्या लगेच लक्षात आलं. मास्तरांचे दोन्ही हात थरथरत होते. फोन हलत होता, चित्र विस्कटत होतं, पलंग दाराकडे निघाला होता.

सून स्वयंपाकघरातून आली. "मी म्हटलं होतं, मी बघते म्हणून. बाबा, तुमचा हात—"

"वहिनी, मधी बोलू नका," सर एकदम म्हणाले. "तपास चालू हाय."

मग त्यांनी तो तपास असा काही लांबवला की मी बघतच राहिले. काळ्या कडप्प्याच्या फरशीवर लोळण घेतली. नक्षीची चादर मागवून अंथरली. खिडकीचा पडदा ओढला, दिवे लावले, कॅलेंडर उतरवलं, कोपऱ्यातल्या तांब्याच्या घागरीला बाहेर काढलं. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेऊन झाला. फक्त त्या हातांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. सगळ्या सोलापूरवर संशय घेणाऱ्या माणसाला समोरचं दिसू नये?

शेवटी त्यांनी एक उंच पाठीची खुर्ची ओढून आणली. "मास्तर, हिच्या पाठीवर कोपरं टेकवा, आणि मग फोन धरा. ह्या फोनला आधार लागतोय. सगळ्याच घरी असं करावं लागतंय."

ते खोटं होतं. आजवर एकाही घरी आम्ही असं केलं नव्हतं.

मास्तरांनी कोपरं टेकवली. पलंग चादरीवर उतरला आणि तिथंच राहिला. मास्तर बराच वेळ बघत होते. मग पलंग बोटानं खिडकीकडे सरकवला. "इथं ठेवू. झोपल्या झोपल्या तिला गल्ली दिसंल." सूनबाई वॉकर चालवून आल्या, जागा पुरत होती. निघताना मास्तरांनी हळूच विचारलं, "माझ्या हाताचं काही नव्हतं ना?"

"हाताचं काय? फरशी लबाड हाय तुमची."

पुढच्या आठवड्यात ॲप उघडल्यावर पहिल्याच पानावर सरांची नवी सूचना दिसू लागली: फोन खुर्चीला किंवा टेबलाला टेकवून धरा. सगळ्यांसाठी. आमच्या ऑफिसच्या मालकांनी कारण विचारलं तर सर म्हणाले, "फरश्यांचा भरवसा न्हाय."

दुपारच्या चहाला मी त्यांना गाठलं. "सर, हात तुम्हाला दिसला होता ना?"

"दिसला की. दारातच."

"मग?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आमचे वडील, अप्पा, आमच्या कुंभारी गावात सगळ्या पंगतींना आमटी वाढायचे. त्यांच्याबिगर पंगत बसायची न्हाय. मग हात हलायला लागला, थोडी सांडायची. सगळ्यांना दिसत हुतं, कुणी बोलत न्हवतं. एका लग्नात घरातलंच एकजण बोललं, 'अप्पा, सांडतंय, बसा तुमी.' अप्पा बसले. मग कुठल्याच लग्नाला आले न्हाईत."

कोण बोललं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

"आता कसे आहेत?" मी म्हटलं.

"हायत की. रोज संध्याकाळी जातो मी," सर म्हणाले. "भाकरीवर आमटी वाढून घेतो त्यांच्या हातची."