किल्ल्याजवळचा पास्ता

चंद्रप्पांनी लेकीची सोयरीक जुळवायला असा बेत आखला, की उदगीरच्या मोंढा बाजारात तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता! लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि त्यांच्या गल्लीत टँकर नवव्या-दहाव्या दिवशी फिरकायचा. अशात मुखेडच्या पाहुण्यांना घरी जेवू घातलं, तर ताट-वाट्या विसळण्यातच पिंप खाली व्हायचं. म्हणून त्यांनी पाहुण्यांना थेट किल्ल्याजवळच्या इटालियन हॉटेलात बोलावलं.

हॉटेल शेषेरावांनी नुकतंच काढलेलं. उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, मग किल्ला बघायला देशोदेशीची माणसं येणार, त्यांना रोज भाकरी कशी चालेल, असं त्यांचं म्हणणं. तूर्त गिऱ्हाईक म्हणून एवढेच पाहुणे होते.

दोन्हीकडच्या बायका आधी किल्ल्यातल्या मठात दर्शनाला गेल्या. चंद्रप्पांची लेक महानंदा आणि मुखेडचा सिद्धराम समोरासमोर खाली मान घालून बसले. मुलाचे वडील बसलिंगप्पा मोजकंच बोलणारे. पास्त्याची ऑर्डर देऊन चंद्रप्पा हात धुवायला मागं गेले आणि दारातच थबकले.

आचारी पास्ता चाळणीत ओतत होता आणि खालून पांढरंशुभ्र पाणी धो धो मोरीत चाललं होतं!

चंद्रप्पा आत धावले. त्यांनी झडप घालून पातेलं सरळ केलं, तोवर निम्मं पाणी गेलं होतं. शेषेराव धावत आले. पास्ता असाच भरपूर पाण्यात उकडतात, इटलीतही पाणी टाकूनच देतात, असं त्यांनी समजावलं.

"इटलीत पाऊस पडत असंल," चंद्रप्पा म्हणाले. "हितं माणसं घागरी घेऊन उभी हाईत, अन् तुम्ही मोरीला पाजायलात?"

उरलेलं पाणी म्हशीसाठी घरी नेणार, असं त्यांनी जाहीर केलं. त्यात मीठ आहे म्हटल्यावर, मग तर ती पेजेसारखं मिटक्या मारत पिईल, असं उत्तर मिळालं. चाळणीतला पास्ता परातीत घालून टेबलावर गेला, वाद मात्र तसाच पेटत राहिला.

इतका वेळ यजमान कुठं गेले म्हणून बसलिंगप्पा आत आले. चंद्रप्पांनी मनातच म्हटलं, सोयरीक मोडली! बसलिंगप्पांनी सगळं ऐकून घेतलं, पातेल्यात वाकून पाहिलं आणि त्याचा दुसरा कान धरला.

"आमच्याकडं दोन बैल हाईत. जीपमध्ये ठेवून नेतो."

पाणी चंद्रप्पांनी आधी बघितलं होतं. बसलिंगप्पा मुलाकडचे होते. दोघंही हटेनात. इकडून ओढ, तिकडून ओढ, आणि पातेलं आडवं! वादात पाणी कोमट झालं होतं, म्हणून दोघांच्या तंगड्या वाचल्या. पण चिकट झालेली फरशी धुवायला शेषेरावांनी दोन बादल्या ओतल्या. ते बघताना दोन्ही व्याह्यांचे डोळे सारखेच भरून आले.

ओल्या धोतरांनी ते बाहेर आले, तर पोरं खळखळून हसत होती. सिद्धराम उठून उभा राहिला.

"मामा, आमचं ठरलं."

बसलिंगप्पांनी मान डोलावली. चंद्रप्पांनी आनंदानं खुर्ची ओढली, परात जवळ घेतली आणि आत पाहिलं. चाटूनपुसून साफ!

शेषेराव अदबीनं म्हणाले, "आत्ता दुसरा टाकतो. मोठं पातेलं चढवायला सांगू?"

"नको!" दोघं व्याही एकदमच ओरडले आणि उपाशीपोटी जीपकडं निघाले.