अप्पांनी पाळलेला वार

आमचे शेजारी इराप्पा, म्हणजे गावाचे अप्पा, कुठेही आडवे व्हायचे. दमले म्हणून नव्हे. उजवा कान जमिनीला लावायचे, डोळे मिटायचे आणि श्वास रोखून जमिनीखालचं पाणी ऐकायचे. मग उठून धोतराची माती झटकत, समोर असेल त्याला सांगायचे, "चालतंय अजून."

हे त्यांनी स्वतःच्या शेतात केलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण एकदा गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर, बरोब्बर आमची गाडी लागते त्या जागी ते पालथे झाले. मी तंबाखू आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर भोवती ही गर्दी, आणि एक हवालदार त्यांच्या तोंडाचा वास घेतोय.

"पावणं, किती घेटलीसा?" हवालदारानं दरडावून विचारलं.

"घ्यायला ठेवलंय कुठं?" अप्पा पडल्या पडल्या म्हणाले. "हितलं पाणी कवाच आटलंय. तुमी कशावर जगायलाईसा कळंना."

मी हातापाया पडून त्यांना सोडवलं. गाडीत सगळे आमच्याकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आता खरं सांगायचं तर अप्पांच्या या विद्येवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि याला कारण आहे. माझी गावात पिठाची गिरणी. गिरणीमागे विहीर काढायची ठरली तेव्हा अप्पा तिथे तासभर लोळले आणि म्हणाले, "हितं घाल. खाली नदी हाय." खाली काळा पाषाण होता. त्या खड्ड्यात आजही माझी बायको शेणी रचते. वर अप्पा उजव्या कानानं ठार बहिरे. डावा निदान ओरडलेलं ऐकायचा. बहिऱ्या माणसानं बहिराच कान जमिनीला लावावा, यावर गिरणीत दळणाला आलेल्या बायका किती हसल्या असतील, सांगता येत नाही.

आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं बोलणं आम्हाला फुकटात ऐकायला मिळे. त्यांची बायको, गाव तिला अव्वा म्हणायचं, पायांनी अधू होऊन दाराजवळच्या बाजेवर पडून असायची. अप्पा संध्याकाळी रानातून आले की ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काय म्हणालं पाणी?" आणि अप्पा तिच्याहून वरच्या पट्टीत सांगायचे, "चालतंय अजून." मग तिला चहा मिळायचा. तो तेच करायचे, आणि फार गोड करायचे.

हे पाणी म्हणजे आमच्या सड्याखालचा झरा. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं ते लांबच लांब कातळाचं पठार. पावसाळाभर ते पाणी पिऊन घेतं आणि वर्षभर त्या झऱ्यातून थोडं थोडं सोडतं. प्यायला तेच, जनावरांना तेच, भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपांना, तेच. झऱ्याच्या अंगाला अप्पांच्या शेताचा तुकडा. अव्वा चालती होती तोवर तीच तिथून घागरी आणायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, त्या उन्हाळ्यात सड्यावर एक जीप आली. मग लाल झेंड्या. मग भोकं पाडायचं एक उंच यंत्र. कळलं ते असं, की कातळाखाली बॉक्साइट आहे. आधी भोकं पाडून बघणार, मग सुरुंग लावून सडा फोडणार. तहसीलला अर्ज दिले, मोर्चा नेला. साहेब लोकांनी आम्हाला पाणी पाजलं, तेही बाटलीतलं, आणि परत पाठवलं.

पहिलं भोक पडलं आणि झऱ्याला गढूळ, तांबडं पाणी आलं. दोन दिवसांनी निवळलं, पण आमचं मन निवळलं नाही. बायका घागर भरायच्या आधी ओंजळीत पाणी घेऊन उजेडाला धरून बघायच्या. मी गिरणीत बसून वरच्या यंत्राची घरघर ऐकायचो. गिरणी चालू असली की ती ऐकू येत नसे, म्हणून मी उगाच गिरणी चालू ठेवायला लागलो. भीती वाटत होती, दुसरं काय.

अप्पा मात्र एका मंगळवारी सकाळी दारोदार गेले आणि ओरडून आले, "आज वार हाय. मातीत लोखंड घालायचं न्हाय."

आमच्याकडं लक्ष्मीचा वार पाळतात. वर्षातून एकदा, पेरणी झाल्यावर. त्या दिवशी नांगर, कुदळ, खुरपं, काही म्हणता काही जमिनीला लावायचं नाही. जमीन त्या दिवशी बाळंतिणीसारखी पडून असते, असं म्हातारी माणसं म्हणत. वार सांगायचा मान अप्पांच्या घराण्याचा. पण उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर वार? लोकांना वाटलं, म्हातारा आता डोक्यानंही गेला.

अप्पा तडक सडा चढून गेले. मी मागोमाग, कारण ते त्या यंत्रापुढे आडवे होतील याची मला खात्री होती. ते झालेही. यंत्र चालवणारा खाली उतरला. दुंडाप्पा त्याचं नाव, सीमेपलीकडच्या गावचा, अंगानं आणि आवाजानंही आडदांड.

"अज्जा, मरायचं हाय काय?"

"आज वार हाय," अप्पा म्हणाले. "लक्ष्मीचा."

दुंडाप्पा थबकला. हात धोतराला पुसावेत तसे त्यानं पँटीला पुसले. "तुमच्यातबी पाळत्यात व्हय?"

"तुमच्यात न्हाईत पाळत?"

"पाळत्यात की. माझ्या चुलत्यानं एकदा वाराला कुदळ मारली, त्याचा बैल गेला." त्यानं यंत्राकडं बघितलं, खाली गावाकडं बघितलं. मग म्हणाला, "हे बघा अज्जा. तुमच्या गावचं लोखंड जोवर मातीत जात न्हाय, तोवर माझंबी जाणार न्हाय. साहेबाला सांगतो, पट्टा तुटलाय. पण तुमच्यातल्या कुणी एकानं जरी कुदळ मारलेली दिसली, तर मी चालू करणार. मग मला नावं ठेवायची न्हाईत."

अप्पा उठले, माती झटकली आणि मला म्हणाले, "बघ, माणूस भला हाय."

भला होताच. पण आमच्या अप्पांना लगाम नव्हता. बुधवारी पहाटे पुन्हा आरोळी आली, "आजबी वार हाय." का, तर लक्ष्मी रुसलीय. गुरुवारी, तिचा रुसवा गेला नाही. शुक्रवारी, तिची बहीण आलीय. सड्यावर यंत्र गप्प उभं होतं आणि खाली आमची शेतंही गप्प पडली होती. वळवाचे ढग पश्चिमेला जमायला लागले. धूळवाफेची, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी पावसाआधी झाली नाही तर भाताचं वर्ष गेलं. झरा वाचवायच्या नादात पीक घालवायचं की पिकासाठी झरा, हे कुणालाच ठरवता येईना. घराघरांत कुरबुर सुरू झाली. माणसं एकमेकांवर नजर ठेवायला लागली, कुणी गुपचूप कुळव तर नाही ना जुंपला.

शेवटी शिवा पाटील अप्पांच्या दारात येऊन उभा राहिला. गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा, त्यामुळे अप्पांशी बोलायला तो सोयीचाच.

"अप्पा, बी काढून ठेवलंय मी. उद्या कुळव धरणार. तुमची लक्ष्मी काय करायची ती करू दे."

"धर की," अप्पा म्हणाले. "त्यो वर बसलाय बघत. तू धरलास की त्यो बी धरंल."

"मग काय उपाशी मरू?"

आतून बाजेवरून अव्वा म्हणाली, "शिवा, एक दिस थांब रं. ह्यांला काय तरी सुचंल." सुचण्यासारखं काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक असणार. शिवा तोंडातल्या तोंडात काही बोलला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणालं पाणी?" अप्पांनी नेहमीसारखं सांगितलं.

सकाळी अव्वा गेली. चहा घेऊन अप्पा बाजेजवळ गेले आणि त्यांनी दिलेली हाक आम्हाला भिंतीतून ऐकू आली. ती ओरडून दिलेली नव्हती, म्हणून मी धावत गेलो.

अप्पांचं घर लिंगायत, त्यांच्यात मयताला पुरतात. बसवून, हातात लिंग देऊन. जागा ठरलेली होती, झऱ्याच्या अंगाच्या तुकड्यात. तिनंच मागून घेतली होती. माणसं जमली. शिवा पाटील खांद्यावर पहार आणि हातात कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी आला.

अप्पा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. "लोखंड न्हाय."

"अप्पा, मयताला वार लागत न्हाय. शाणं माणूस तुमी."

"लागत न्हाय, ठावं हाय मला." अप्पांनी सड्याकडं बोट केलं. कडेला दुंडाप्पा उभा होता, खाली बघत. "पर त्याला काय सांगू? तिला पुरायला म्हणून कुदळ मारली, आन् त्याच दिशी वरनं भोकं पडली, तर तिला मी काय तोंड दावू?"

आता हे कसं व्हायचं, कळेना. उन्हं चढत होती, अव्वा हिरव्या लुगड्यात, कपाळभर विभूती लावून बसली होती, आणि तिला खड्डा नव्हता.

शिवानं पहार आणि कुदळ बांधावर टाकली आणि घराकडं चालता झाला. मला वाटलं, रागावून गेला. परत आला तो गोठ्यातला जनावरं बांधायचा लाकडी खुंट उपसून घेऊन. गुडघ्यावर बसला आणि तो जमिनीत खुपसला. मग बाकीचे निघाले. कुणी खुंट आणला, कुणी बैलाच्या जुवाच्या लाकडी शिवळा. बायकांनी करवंट्या आणल्या, माती उपसायला. मी गिरणीतलं पीठ काढायचं लाकडी फळकूट आणलं. झऱ्याची माती मऊ, ती उकरत गेली. काल ज्यांनी अप्पांना शिव्या घातल्या होत्या ते आज त्यांच्या खड्ड्यात कोपरापर्यंत माखले होते, आणि मधूनच कुणाच्या तरी तोंडून एखादी नवी शिवीही निघत होती.

दुपारी दुंडाप्पा खाली आला. चपला बाहेर काढून खड्ड्यात उतरला आणि शिवाच्या हातातला खुंट मागून घेतला. "आमच्यातबी असंच बसवत्यात," एवढंच म्हणाला.

खड्डा कमरेच्या वर झाला तेव्हा अप्पा उतरले. सगळे थांबले, कारण आता ते काय करणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते आडवे झाले नाहीत. त्यांनी मला हात केला.

मी खाली उतरलो. ते माझ्या कानाशी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांना कुजबुजताना ऐकलं.

"ह्या कानानं मला कायबी ऐकू येत न्हाय रं. कवाच आलं न्हाय."

"मग अप्पा, रोज..." मी त्यांच्या डाव्या कानाशी म्हणालो.

"पाय गेल्यापासनं ती इचारायची. बाजेवर पडल्या पडल्या दुसरं काय इचारणार? नुस्तंच व्हय म्हटलं तर तिला पटायचं न्हाय. म्हणून कान लावायचा, दिसंल तिथं, चारचौघांत, म्हंजे लोकांच्या तोंडनं तिच्या कानावर जायचं. कान लावून आलो म्हटलं की पटायचं." त्यांनी माझा दंड धरला. "आज खोटं नगं. तुझा कान चांगला हाय. बघ जरा."

मी त्या खड्ड्यात पालथा झालो. वर सगळं गाव वाकून बघत होतं आणि कुणीही हसत नव्हतं. माती गार होती. कान लावला. आधी माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले, मग वरच्या माणसांचे पाय. सड्यावर यंत्र गप्प होतं. मी श्वास रोखला आणि मनापासून ऐकलं. नदीबिदी काही ऐकू आली नाही. पण डोकं उचललं तर कान ओला झाला होता, आणि तो जिथं टेकला होता तिथं मातीत बोटभर पाणी साचत होतं.

अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी त्यांच्या डाव्या कानाजवळ जाऊन ओरडून सांगितलं.

मग ते खड्ड्याच्या काठाला दोन्ही हात टेकून उभे राहिले. वर अव्वा बसली होती, फुलांत. आपल्या नेहमीच्या, भिंतीपलीकडं ऐकू जाणाऱ्या आवाजात त्यांनी तिला सांगितलं, "चालतंय अजून."