माणिकभाऊंची बोरी ब्राझीलला निघाली

उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की आमचे माणिकभाऊ आत हात घालून चावी फिरवतात. गाडी कुणाची, आत कोण बसलंय, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. चावी फिरवायची, "फुकट जळायलंय, फुकट!" म्हणायचं आणि चालू लागायचं. गंगाखेडातल्या निम्म्या मोटारसायकलवाल्यांनी त्यांना शिव्या दिल्यात. उरलेले निम्मे त्यांना लांबून बघितलं की आपणहून गाडी बंद करतात.

मागं आमच्या गल्लीत लग्न होतं. नवरदेव सजवलेल्या गाडीत, एसी चालू, ड्रायव्हर पान खायला गेलेला. माणिकभाऊंनी दार उघडलं, चावी फिरवली, सवयीनं खिशात टाकली आणि जाऊन पंगतीत बसले. इकडं नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला न्यायची वेळ झाली तर चावीच सापडेना. नवरदेव घामाघूम, बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायले, आणि नवरदेवाचा मामा त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून चाललेला. मला शंका आली. पंगतीत जाऊन म्हटलं, "भाऊ, खिसा बघा."

भाऊंनी जिलबी ताटात ठेवली, डाव्या हातानं चावी काढून दिली आणि वर म्हणाले, "वहिनी, नुसतं उभ्या-उभ्या किती डिझेल जळालं असतं, हिशोब हाय का त्यांना?"

मी त्यांची शेजारीण, शैला. माझी पिठाची गिरणी आहे. माझं तोंडही गिरणीसारखंच चालतं असं गल्लीत म्हणतात. म्हणू देत. गिरणी बंद पडली तर यांनाच उपाशी राहावं लागेल.

माणिकभाऊ एसटीचे रिटायर ड्रायव्हर. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर ओढली, यावर त्यांची सगळी इज्जत. उतार दिसला की पाय वर, चढ यायच्या आधी वेग, ब्रेक म्हणजे गाडी हाकता न येणाऱ्याचं काम. गाडीत बसलेल्या माणसाला घाई असू शकते हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. "घाई हाय तर काल निघायचं," म्हणायचे.

पण घरात हा माणूस मुका. आयुष्य मुक्कामी गाडीवर गेलेलं. आज जिंतूर, उद्या बोरी. पोरगी ज्योती झोपल्यावर यायचे, उठायच्या आत जायचे. बापलेकीचं बोलणं व्हायचं ते भाऊंच्या बायकोच्या, सुमनच्या मार्फत. "तिला म्हणावं गाडी सहाला हाय." "त्यांना सांग, मी मैत्रिणीबरोबर जाते." एकाच खोलीत बसून हे असं! सुमन मला म्हणायची, "शैला, माझी पार कंडक्टर झालीय बघ." आणि एके दिवशी सुमनच गेली. मग त्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा नाही. मला फार वाईट वाटायचं. दोन जिवंत माणसं, एकमेकांशिवाय कुणी नाही, आणि बोलायचं काय ते दोघांनाही माहीत नाही.

ज्योती इंजिनीअर झालेली. मुंबईच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची, वरच्या खोलीत कॉम्प्युटर लावून. दिवसभर इंग्रजीत बोलायची. काय काम करते, हे भाऊंना ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

एकदा मी पीठ द्यायला गेले होते. दुपारची वेळ. लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. ज्योती धाडधाड जिना उतरून आली. "काकू, आताच रिपोर्ट यायलेत आणि आताच लाईट गेली!"

"कशाचे गं रिपोर्ट?" मी विचारलं.

"जहाजांचे. रोज प्रत्येक जहाज कळवतं, कालपासून किती चाललं आन किती तेल खाल्लं."

बाजेवर आडवे झालेले माणिकभाऊ ताडकन उठून बसले. "किती खातंय?"

ज्योतीनं आधी माझ्याकडं बघितलं. बाप थेट आपल्याशी बोलतोय हे तिला खरंच वाटेना. "दिवसाला वीस-पंचवीस टन," ती म्हणाली.

"टन?" भाऊ म्हणाले. "टन तर ऊस असतो."

"तेलबी असतंय, अण्णा."

भाऊंनी डोळे मिटून हिशोब केला. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही गच्च भरलेल्या, आणि त्यात उसाच्या जागी तेल. रोज. त्यांना घाम फुटला. "आन ते तू बघतीस? म्हंजी ड्रायव्हरनं जास्ती जाळलं तर तू पकडतीस?"

"व्हय. तेच माझं काम."

लाईट येईपर्यंत दोघं बोलत होते. मी पिठाचा डबा हातात घेऊन उभीच. मला कुणी बस म्हणालं नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून माणिकभाऊ दुपार झाली की जिना चढायचे. ज्योतीकडं सात-आठ जहाजं होती, सगळी इंग्रजी नावाची. भाऊंची जीभ तिथं वळेना. मग त्यांनी स्वतःच आपल्या एसटीच्या गावांचे बोर्ड लावले: कोळसा नेणारं ते जिंतूर, धान्य नेणारं ते बोरी, सगळ्यात जुनं आणि रडतखडत चालणारं ते पालम. संध्याकाळी माझ्या गिरणीत येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बातम्या सांगायचे. "जिंतूर सिंगापूरच्या पुढं उभी हाय, धक्क्याला जागा न्हाई. बोरी ब्राझीलला निघाली." बोरीची एक म्हातारी दळण घेऊन बसली होती. ती बिचारी कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं बया, मंग मी घरी कशी जाऊ?"

मलाही नाद लागला. काय एकेक गोष्टी! वेग थोडासा वाढवला तरी तेल मात्र कितीतरी वाढतं, म्हणून मालाची घाई नसेल तर जहाज मुद्दाम हळू नेतात. हे ऐकून भाऊंचा ऊर भरून आला. समुद्रावर आपले भाऊबंद आहेत म्हणाले. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरतात, मग ते जड चालतं आणि जास्त खातं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चपलेला चिखल धरतो आणि पाय उचलेना होतो, तसंच की! भाऊ रोज विचारायचे, "पालमचं बूड खरवडलं का?" जहाजाला ब्रेक नसतो हे कळलं तेव्हा मात्र हबकले. "अर्ध्या क्लचवर थांबवतेत का मग?" क्लचही नसतो असं पोरगीनं सांगितल्यावर जिना उतरून खाली आले आणि बाजेवर आडवे झाले.

आणि शहाणपणाचं म्हणाल तर एकदा सपशेल तोंडावर पडले. बोरीनं सलग दोन दिवस नेहमीपेक्षा कमी तेल खाल्लं. भाऊंनी मांडीवर थाप मारली. "चोरी! खोटं लिहायलाय. आधी जास्ती दाखवून तेल लपवून ठिवलंय त्यानं, आता ते जाळायलाय. माणूस वळखतो मी." ज्योतीनं तपासलं, तर समुद्रातला प्रवाह जहाजाच्या पाठीशी होता, पाणीच पुढं ढकलत होतं. भाऊ खजील. "रस्ताच चालायला लागल्यावर हिशोब कसा लागावा माणसाचा?" एवढंच म्हणाले.

पण गप्प बसतील तर माणिकभाऊ कसले! पुढं कधीतरी ज्योती बोरीच्या कप्तानाशी कॉम्प्युटरवर बोलत होती, तर हे धुतलेली टोपी घालून तिच्या मागं उभे. हात जोडून म्हणाले, "कप्तानसाब, हमने तुमको चोर समझे. गलती हो गई. दिल में मत रखो." ज्योतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कप्तान केरळकडचा. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानंही टोपी काढली. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून हसण्याचा आवाज आला. बापाचा आणि लेकीचा, दोघांचा. मी गिरणीत होते, तिथवर ऐकू आला; काय घडलं ते ज्योतीनं नंतर सांगितलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

सुख फार दिवस टिकत नाही म्हणतात ते उगाच नाही. कंपनीनं फर्मान काढलं, आता सगळ्यांनी मुंबईला ऑफिसात येऊन बसायचं. ज्योती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. भाऊ म्हणाले, "जा की. नोकरी हाय." बॅग उचलून स्टेशनपर्यंत गेले, खिडकीपाशी उभे राहिले, आणि गाडी हलेपर्यंत पालमच्या बुडाबद्दल बोलले.

ती गेल्यावरही दुपारी फोन लावायचे. जिंतूर कुठाय, बोरीनं किती खाल्लं. ती सांगायची. मला वाटलं, चला, धागा तुटला नाही.

आणि मग एकाएकी त्यांच्या संध्याकाळच्या बातम्या बंद झाल्या. रस्त्यात कुणाचं इंजिन चालू असलं तरी सरळ पुढं निघून जायचे. मी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी दुपारी ते गिरणीत येऊन पोत्यांवर बसले. हातात फोन, नुसता उलटासुलटा करायले. मी पट्टा उतरवून गिरणी थांबवली.

"काय झालं, भाऊ?"

"तिचं काम बदललं. नव्या पोरांला शिकवायचं दिलंय. तिच्याकडं जहाजं न्हाईत आता."

"मग बरंय की. बढती झाली."

"व्हय." फोन पुन्हा उलटा केला. मग म्हणाले, "वहिनी, मंग मी तिला काय इचारू?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"जहाजातलं मला काय कळतंय?" ते म्हणाले. "समुद्र बघितला न्हाई म्या. पोरगी बोलायची म्हणून इचारत व्हतो. दुसरं काय बोलावं ते येतच न्हाई मला. सुमन व्हती तवा गरज न्हाई पडली."

मला त्यांचा राग आला. "अहो, जेवलीस का म्हणून विचारा! बाप आहात ना?"

"असं एकदम?"

"मग काय अर्ज करणार आहात?" मी फोन हिसकावून घेतला, लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"हं, अण्णा?"

भाऊंनी घसा खाकरला. माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले.

"जेवलीस का?"

पलीकडून घाबराघुबरा आवाज, "अण्णा, काय झालं? बरं हाय ना तुमाला? काकू कुठंयत? काकूंला फोन द्या!"

"मी इथंच आहे गं," मी ओरडले. "कुणाला काही झालेलं नाही. विचारलंय त्याचं उत्तर दे."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"न्हाई जेवले अजून," ज्योती हळू म्हणाली. "डबा उघडून बसलेय. हितली भाजी लय गोड असती, अण्णा. जातच न्हाई." आणि थांबून म्हणाली, "चार दिवस कामून फोन केला न्हाई? वाट बघायलते मी."

"तुझ्याकडं जहाजं न्हाईत म्हणून..."

"म्हणून काय झालं? तुमी जेवलात का?"

"न्हाई."

"कामून?"

भाऊ पिठानं पांढऱ्या झालेल्या फरशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एकट्याला घास उतरना गं."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "ताट घ्या," ज्योती म्हणाली. "मीबी जेवते. फोन ठेवू नका."

मी माझ्या डब्यातली भाकरी आणि पिठलं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी फोन शेजारच्या पोत्यावर नीट उभा केला आणि भाकरीचा तुकडा मोडला. तिकडून डब्याचं झाकण वाजलं. मग दोघं जेवायला लागले, आणि जेवण होईपर्यंत एक शब्दही कुणी बोललं नाही.