तुटलेल्यांच्या डॉक्टर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आहेर मॅडमच्या दाराला बेल आहे, पण ती वाजत नाही. खाली चिठ्ठी आहे: ‘हाक मारावी.’ घरातला मिक्सर ओरडतो, फिरत नाही. नळाला सुतळी बांधलेली. स्कूटर शहरातल्या द्वारका चौकात, नेमकी सिग्नल सुटल्यावर बंद पडते. आणि बाई काम कसलं करतात? दुरुस्तीचं! पेशीतला डीएनए तुटतो कसा आणि पेशी तो पुन्हा सांधते कशी, यातच त्यांचं आयुष्य एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलं.

“मॅडम, आधी नळ दुरुस्त करून घ्या,” मी म्हणते.

“अलका, नळ आपला आपण दुरुस्त होत नाही ना, म्हणून मला त्यात रस नाही.”

पाटीवरचं ‘डॉ.’ वाचून लोक ताप-खोकला घेऊन येतात. “मी तुटलेल्यांची डॉक्टर आहे,” असं सांगून मॅडम त्यांना परत पाठवतात. एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात घसरलेले एक गृहस्थ हे ऐकून मोडका हात पुढे करून बसले. मॅडमनी त्यांना चहा पाजला, पेशीवर व्याख्यान दिलं, आणि मग रिक्षात घालून हाडांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत उरलेलं व्याख्यान.

मग काशी आली.

सुरगाण्याकडचं एक जोडपं दरवर्षी द्राक्षबागेत कामाला यायचं. हिराबाई, तिचा नवरा आणि सहा-सात वर्षांची काशी. पोरीच्या तोंडभर काळे ठिपके, ओठांवर जखमा, डोळे उघडवत नव्हते. कातडीच्या डॉक्टरांनी तिच्या कातडीचा इवलासा तुकडा मॅडमकडे तपासायला पाठवला. मॅडमनी त्यातल्या पेशी वाढवल्या आणि दोष शोधून काढला.

आईबापांना त्यांनी समोर बसवून समजावलं. “उन्हानं सगळ्यांच्याच कातडीत आत मोडतोड होते. आपल्या आत मिस्त्री असतात, ते लगेच दुरुस्ती करतात. काशीच्या आतला एक मिस्त्री जन्मापासूनच नाही.”

बाप म्हणाला, “मंग दुसरा लावा की, बाई.”

काय बिघडलंय हे मॅडम सांगू शकत होत्या. ते नीट करायचं औषध कुणाकडेच नव्हतं.

एरवी सुईत दोरा न ओवणाऱ्या या बाईंनी मग माझ्याकडून शिवणयंत्र मागून नेलं. काशीला मानेपर्यंत झालर असलेल्या टोप्या शिवल्या. सगळ्या वाकड्या. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्या सुरगाण्याला जायच्या, तिच्या घराच्या फटींना जाड कापड लावून यायच्या. काशी त्यांना ‘टोपीवाली’ म्हणायची. पण कातडीवर कॅन्सरच्या गाठी आधीच सुरू झाल्या होत्या. काशी गेली.

पुढच्या हंगामात हिराबाई पुन्हा कामाला आली, तेव्हा मॅडमनी तिला भेटायला बोलावलं. त्यांची स्कूटर बंद, म्हणून मीच गाडी काढली. द्वारका चौकातून हिराबाईला घेतलं आणि आम्ही तिघी प्रयोगशाळेत गेलो.

आत गेल्यावर त्यांनी हिराबाईचा हात धरला. “काशीच्या कातडीतल्या पेशी अजून जिवंत आहेत माझ्याकडे. पुढं असल्या लेकरांसाठी उपयोगी पडतील. पण पोर तुमची. ठेवू की थांबवू, तुम्ही सांगा.”

हिराबाई म्हणाली, “मला दावा.”

मॅडमनी काचेची चपटी डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हिराबाईनं डोळा लावला. पाहता पाहता तिचा हात डबीवर गेला. त्या डबीजवळ मॅडम कुणाला मोठ्यानं श्वास घेऊ देत नाहीत. आज त्यांनी तो हात तिथंच राहू दिला.

“तिला हितं ऊन तं नाय लागत?”

“नाही. त्या पेटीत अंधार असतो. ऊबदार असतं.”

“दुखतं का तिला?”

“नाही हो.”

हिराबाईनं पदरानं डोळे पुसले. “मंग ऱ्हाऊ द्या. पण येकटी नका ठेवू. येकटी भ्यायची ती.”

“नाही ठेवत. मी रोज येते.”

“रविवारीबी?”

मॅडमनी डबी दोन्ही हातांनी उचलली, पेटीत ठेवली आणि तिच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“रविवारीसुद्धा,” त्या म्हणाल्या. “मला तरी घरी कोण आहे?”