औषधालाही नाही

इजिप्तमधल्या मन्सूरा शहराच्या आरोग्य विमा कचेरीचा नियम साधा होता. मधुमेही मुलांना इन्सुलिन फुकट मिळेल; मात्र मूल स्वतः इन्सुलिन बनवत नाही, हे दरवर्षी सिद्ध करावं लागेल. मधल्या काळात स्वादुपिंडाला उपरती झाली असली, तर सरकारला कळायला नको?

शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा रक्तात सी-पेप्टाइड नावाची खूण उरते. इनायातच्या चिमुरड्या लुजैनच्या रक्तात ती औषधालाही नव्हती. तसा तपासणीचा अहवाल घेऊन इनायात लेकीसह खिडकीशी गेली. घरी फ्रिजमध्ये इन्सुलिनची शेवटची कुपी उरली होती.

कारकून बहगतसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, इथे शून्य आहे."

"तेच तर सिद्ध करायचं होतं ना, साहेब?"

"संगणक शून्य घेत नाही. शिवाय इन्सुलिनवाचून माणूस जगत नाही, हे शास्त्र आहे. म्हणजे कागदोपत्री ही मुलगी वारलेली. मयताला इन्सुलिन कसं देणार?"

लुजैनने आईच्या आडून त्यांना जीभ दाखवली.

"ही बघा! जिवंत आहे!"

"जीभ अर्जाला जोडता येत नाही. आकडा आणा. कुठलाही चालेल."

'कुठलाही' हा शब्द इनायातने घट्ट धरला. गल्लीतल्या प्रयोगशाळेत तिने नाव लेकीचं सांगितलं आणि दंड स्वतःचा पुढे केला. नाहीतरी पोरीच्या अंगात रक्त आईचंच ना!

आकडा आला, चांगला ठणठणीत. तो पाहून बहगतसाहेब खुर्चीतून उठलेच. "मबरूक, अभिनंदन! पोर बरी झाली! इन्सुलिन बंद!" लगेच बसबूसाच्या पाकातल्या वड्या मागवल्या गेल्या, आणि पहिली लुजैनच्या हातावर पडली.

इनायातने ती झडप घालून काढून घेतली. "साहेब, ते रक्त माझं होतं हो!"

"मग मधुमेह तुम्हालाही नाही. डबल मबरूक!"

एव्हाना रांग मोडून तिच्याभोवती कोंडाळं झालं होतं.

"काय दिलंस गं पोरीला? मेथीचं पाणी?"

"अहो, काही नाही! ती बरी झालेली नाही, तिला रोज सुई लागते! मी फक्त माझं रक्त दिलं!"

मग मागून एक म्हातारी हळूच पुढे सरकली.

"आईचं रक्त! किती चमचे गं, लुजैनच्या आई? उपाशीपोटी?"

शेवटच्या कुपीत किती दिवस निघतील याचा हिशेब करत इनायात घरी पोचली, तोवर हा उपाय तिच्याच फोनवर येऊन पडला होता. वाचकहो, खुशाल हसा. फक्त पुढे पाठवताना 'उपाशीपोटी' तेवढं गाळू नका.