मुद्देमाल क्रमांक चार

विषय : गुन्ह्यात जप्त झालेली खळी (गाल डावा, नग एक) परत मिळण्याबाबत.
संदर्भ : श्री. दिगंबर खांडके, निवृत्त मीटर रीडर, पाणीपुरवठा विभाग, यांचा अर्ज.

आमच्या तालुका कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत बारा खळ्या लाखेची मोहर लावून पाकिटांत ठेवल्या होत्या. गुन्हा असा. मूल होण्यासाठी उपचार करणारे डॉ. पुष्कराज धारप यांनी निनावी दात्याचे म्हणून अकरा बायकांना स्वतःचेच बीज दिले. पूर्वी याला कलम नव्हते. नव्या कायद्यात कलम आले, आणि गुन्ह्यातून उपजलेली वस्तू जप्त करावी, असेही आले. मुले जप्त करायला जागा नव्हती. म्हणून पोलिसांनी प्रत्येकाची डॉक्टरांकडून आलेली खळी तेवढी उतरवून घेतली. डॉक्टरांची नमुना म्हणून घेतली. पंचांनी सह्या केल्या.

खांडक्यांची शाल्मली बावीस वर्षांची. ती सपाट गालाने घरी गेली, तेव्हापासून खांडके रोज माझ्या टेबलाशी येऊन बसत.

"भाऊसाहेब, डॉक्टरांनीही अर्ज केलाय म्हणे?"

"केलाय. माल मूळचा त्यांचा, असं म्हणणं आहे."

"खळी त्यांना मिळाली, तर पोरगी कोणाची म्हणायची?"

"तसा रकाना फॉर्मात नाही," मी म्हणालो.

सुनावणीत न्यायाधीश इनामदारबाईंनी पद्धत सांगितली. ज्याला ओळख पटेल त्याला माल मिळेल. मात्र स्वतःची खळी स्वतः ओळखलेली चालणार नाही. मी मुलांच्या अकरा खळ्या कँटीनच्या बशांत ओळीने मांडल्या.

"डॉक्टर, यात शाल्मलीची कोणती?"

"तिसरी. नाही, नववी."

"एक काय ते ठरवा."

"मॅडम, सगळ्या सारख्याच आहेत. माझ्याच आहेत ना."

खांडके पुढे झाले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. बशांकडे तोंड करून, सकाळी लेकीला उठवावे तशा आवाजात म्हणाले, "उठताय बाईसाहेब, की शाळाच घरी बोलावू?"

मागच्या बाकावर शाल्मली हसली. तिचा गाल सपाटच राहिला. चौथ्या बशीतली खळी मात्र खोल पडली.

"नोंद घ्या," बाई म्हणाल्या.

खांडक्यांनी सही करून खळी ताब्यात घेतली आणि व्हरांड्यातच लेकीच्या गालावर बसवली.

"थोडी खाली गेलीय, बाबा."

"राहू दे. हसशील तशी येईल वर."

मग त्यांनी मला चहा पाजला. स्वतः दोन कप प्यायले. इतक्या दिवसांत त्यांना पाठ टेकून बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

उरलेल्या दहा खळ्याही त्याच आठवड्यात आपापल्या घरी गेल्या. एका आईने नुसते नाव घेतले. एका बापाला फक्त शिंकावे लागले.

आता खोलीत एकच पाकीट आहे, डॉक्टरांच्या स्वतःच्या खळीचे. ती परत मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला आहे. ओळख पटवील असे कोणी हजर करावे, असे त्यांना कळवले आहे. तीन तारखा झाल्या. अर्ज प्रलंबित आहे.