सरळ केलेली बंदूक

एखादी वस्तू बिघडली की आधी कारण शोधावे, अंदाजाने हात लावू नये, असे माझे मत आहे. कॉलेजात गणित शिकवताना हे मत मी इतक्या वर्गांपुढे मांडले आहे की ते खरे असावे, असे मलाही वाटू लागले होते. म्हणूनच माझा नवरा होबर्ट पुन्हा एकदा रानातून रिकाम्या हाताने परतला आणि "बंदूक बिघडलीय" एवढे बोलून ओसरीवर बसून राहिला, तेव्हा मी एक लहानसा निर्णय घेतला. बंदूक तपासायची.

(तो निर्णय घेतला नसता तर आज माझी मान सरळ असती.)

खरे सांगायचे तर मला संशय बंदुकीचा नव्हताच. वसंतात होबर्टला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हलका होता, असे डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना हलका वाटणारा झटका रुग्णाला पेलावा लागतो. हात परत आला, पाय परत आला. होबर्ट मात्र अर्धाच परत आला. दिवसदिवस तो अक्रोडाच्या झाडाकडे पाहत बसे आणि काय पाहतोस विचारले तर "झाड" म्हणे.

त्यात बर्गूचा दिवस जवळ आला. आमच्या केंटकीत पाने गळू लागली की चर्चच्या अंगणात बर्गूची, म्हणजे गावजेवणाच्या दाट रश्श्याची, मोठी कढई चढते. मका, बटाटे, घेवडा आणि ज्याने त्याने मारून आणलेल्या खारी तिच्यात पडतात, आणि पहाटेपासून लाकडी वल्ह्याने ती ढवळावी लागते. ज्याच्या खारी कढईत, त्याचाच हात वल्ह्यावर, असा रिवाज. होबर्टच्या वडिलांनंतर ते वल्हे होबर्टकडे आले होते, आणि एकदा सुटलेले वल्हे परत आल्याचे आमच्या गावात कोणी पाहिलेले नाही.

"दुकानातली कोंबडी नेली तर?" मी होबर्टच्या आत्याला, झेल्फीआत्यांना, विचारून पाहिले.

"ने की," आत्या म्हणाल्या. "आणि मग ताट घेऊन रांगेत उभी राहा, पाहुण्यांसारखी. सूनबाई, एवढी शिकलीस, पण अक्कल काही त्या कॉलेजात मिळाली नाही हो तुला."

तेव्हा मी बंदूक घेऊन परसात गेले. कुंपणाच्या खांबावर वाळूची पिशवी ठेवली, पलीकडे कागदी बशी टांगली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या नियमाने कामाला लागले. आधी गोळ्या कुठेही जात. दस्ता आणि नळी जोडणारा स्क्रू ढिला झाला होता. तो आवळला, आणि गोळ्या एकमेकींना चिकटून पडू लागल्या. बंदूक खरोखरच बिघडली होती! होबर्ट नव्हे, बंदूक! मी परसात एकटीच हसले.

इथे मी थांबायला हवे होते. पण थांबावे कधी, हे मला विद्यापीठात कोणी शिकवले नाही. कारण गोळ्या एका जागी पडत होत्या खऱ्या, पण ती जागा बशीच्या मध्यापासून दोन बोटे उजवीकडे होती. दोन बोटे म्हणजे खारीचे अख्खे डोके. मी नेमाची मागची खाच हळूहळू ठोकत सरकवली, पुन्हा झाडली, पुन्हा ठोकली. अखेर गोळी नेमक्या मध्यावर बसली आणि मला स्वतःबद्दल आदर वाटला.

"बंदूक दुरुस्त झाली," मी जाहीर केले. "स्क्रू ढिला होता."

होबर्टने माझ्याकडे पाहिले. उन्हाळाभर न दिसलेले काहीतरी त्याच्या डोळ्यांत हलले. "म्हणजे माझा हात नाही?"

"मुळीच नाही. मी तपासलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे रानात गेलो. हिकरीच्या फांदीवर एक लठ्ठ खार निवांत दाणे कुरतडत बसली होती. होबर्टने खोडाला खांदा टेकवला, नेम धरला, गोळी झाडली. खारीच्या डावीकडची साल उडाली. खार थांबली, आणि पुन्हा खाऊ लागली. (या अपमानाला माझ्या विषयात संज्ञा नाही.) दुसरी गोळीही तिथेच. मग होबर्टने बंदूक खाली केली.

"आता बंदूक चांगली आहे ना?" त्याने विचारले.

मी उडालेली साल उचलून न्याहाळू लागले.

"मग झालं."

परतताना तो धाकट्या भावाच्या, डेल्बर्टच्या, दारात थांबला आणि बंदूक त्याच्या हातात देऊन घरी आला. चार दिवसांनी संध्याकाळी डेल्बर्ट खारींचा जुडगा घेऊन आमच्या ओसरीवर हजर. "दादा, काय सरळ मारते रे ही! नेम धरला की तिथंच!"

"मग वल्हंही तूच धर," ओसरीवर बसलेल्या आत्या म्हणाल्या. त्या बोलल्या चेष्टेनेच. पण चेष्टा कोणाला झेपते हे पाहून करण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

होबर्ट उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मी मागोमाग गेले. हाताला काम म्हणून पलंगाच्या वर टांगलेली तसबीर सरळ करू लागले. आमच्या घरातल्या सगळ्या तसबिरी होबर्ट लावतो, आणि सगळ्या डावीकडे कललेल्या असतात. कारण कोळशाच्या खाणीत छताचा दगड मानेवर पडला तेव्हापासून त्याची मान डावीकडे कललेली आहे. लग्न झाल्यापासून मी त्या बुडबुड्याची पाणसळ लावून सरळ करत आले आहे.

माझे बोट चौकटीवरच थांबले.

"होबर्ट, नेम धरताना बंदूक कलते तुझी?"

"मान कलते, मग बंदूक कलणारच."

"आणि नेमाची खाच?"

"ती मी सरकवलेली. मान काही ठोकून सरळ होईना, मग बंदूक वाकडी केली." तो वळला. "का?"

"ती मी... सरळ केली."

तो पलंगावर उठून बसला. "स्क्रू म्हणालीस."

"स्क्रूसुद्धा."

"मिंटा," तो म्हणाला, "मी चार रात्री झोपलो नाही."

मी तसबीर तशीच वाकडी सोडली. मी डेल्बर्टकडे गेले आणि बंदूक परत मागितली.

"वहिनी, दिलेली वस्तू परत मागतात का?"

"मागतात. तू घेतलीस तेव्हा ती चांगली होती. आता मी ती बिघडवणार आहे."

होबर्टच्या खांद्याला फार गोळ्या झाडणे झेपत नव्हते. म्हणून त्याने बंदूक एकदाच खांद्याला लावली, मी तिच्यावर पाणसळ चिकटवून तिचा कल मोजला, आणि त्याच कलाने, मान तितकीच वाकडी करून, खाच ठोकत परसात बसले ती बशीच्या मध्यावर गोळी बसेपर्यंत. काम फत्ते झाले. मान मात्र तिथेच राहिली. ना पुढे, ना मागे.

पुढच्या रविवारी होबर्टने एकच खार मारली. म्हातारी होती आणि शिजायच्या बेताची नव्हती, पण होती. बर्गूच्या पहाटे तो कढईपाशी उभा राहिला, बहुतेक डाव्या हाताने ढवळत, आणि सूर्य वर येण्याआधीच दमला. वल्हे त्याने डेल्बर्टला दिले, पुन्हा मागून घेतले, पुन्हा दिले. पुढच्या वर्षी काय होईल, हा प्रश्न आम्ही कोणीच काढला नाही.

मी तोवर घरी आले होते. पाहुणे येणार म्हणून शेगडीच्या काजळीने काळवंडलेल्या भिंती पुसल्या आणि सगळ्या तसबिरी काढून पुन्हा लावल्या. पाणसळ अजून बंदुकीलाच चिकटलेली, म्हणून नजरेने लावल्या. (माझ्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे.)

दुपारी झेल्फीआत्या आत आल्या, दारातच थांबल्या आणि चौकटीला धरून म्हणाल्या, "अगं बाई, घर खचलं की काय एका बाजूनं?"

त्यांच्या मागून होबर्ट आला. त्याने सगळी भिंत शांतपणे न्याहाळली, आणि झटका आल्यानंतर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आले.

"चला," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत एकदा तरी नीट लावल्यास."